आप्पांच्या पायाचं माप : एका कोल्हापुरी जोडाचा प्रकरण अभ्यास

आप्पांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, उजवा पाय डाव्यापेक्षा रुंद आहे. तरुणपणी भरल्या बैलगाडीचं चाक पायावरून गेलं. हाडं सांधली, पण पंजा पसरट राहिला आणि करंगळीच्या बाजूला एक टेंगूळ कायमचं आलं. दुकानातली कुठलीही चप्पल त्यांच्या एकाच पायाला बसते. डाव्याच्या मापाची घेतली तर उजवा पाय कडेनं बाहेर येतो, उजव्याच्या मापाची घेतली तर डावी सटकते. त्यावर त्यांनी स्वतःच एक तोडगा काढला होता. दोन मापं मोठी रबरी चप्पल घ्यायची आणि ती फरपटत चालायचं. घरात ते कुठून कुठे चाललेत हे आम्हाला आवाजावरून कळायचं.

हे प्रकरण त्या एका पायाचं आहे. छोट्या व्यावसायिकाकडून खरेदी करा असं आपण म्हणतो तेव्हा त्यात बऱ्याचदा उपकाराचा सूर लागतो. गरिबाला मदत, कलेला हातभार, वगैरे. मला तो सूर खटकतो, कारण आमच्या बाबतीत मदत झाली ती आमची. म्हणून जे घडलं ते पैशांसकट आणि चुकांसकट लिहून ठेवतो आहे.

साडेआठशेचा जोड

फेब्रुवारी २०२३ मध्ये माझ्या भाचीचं लग्न होतं. आप्पा धोतर नेसणार होते आणि धोतराखाली रबरी चप्पल नको, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं होतं. मी पुण्यात, ते गावी. नोव्हेंबरातच मी मोबाइलवर ‘कोल्हापुरी’ असं शोधलं आणि एका मोठ्या ऑनलाइन दुकानातून साडेआठशे रुपयांचा जोड मागवला. फोटोत वेणी होती, गोंडा होता, रंगही तोच तांबूस. चौथ्या दिवशी पार्सल घरपोच आलं. उजवा पाय त्यातही बसला नाहीच, पण लग्नापुरती चालेल म्हणून आप्पा ती थोडी थोडी वापरू लागले.

पाचव्या आठवड्यात ती न्हाणीघराच्या दाराशी भिजली. दुसऱ्या दिवशी तळ पावासारखा फुगला. वरचा थर उचकटून पाहिला तर आत करडा पुठ्ठा. कडेनं दिसणारी शिलाई नुसती दाब देऊन उठवलेली होती, खरी पकड गोंदाची आणि चार खिळ्यांची. परत करायची मुदत कधीच संपली होती. मदत केंद्राला फोन लावला. तिथली मुलगी फार नम्रपणे बोलली आणि विक्रेत्याशी संपर्क साधायला सांगितलं. विक्रेत्याचा पत्ता परराज्यातल्या एका गोदामाचा. त्या मुलीवर रागवण्यात अर्थ नव्हता. ती चप्पल तिनं पाहिलेली नव्हती, आणि ती कुणी बनवली हे तिलाही ठाऊक नव्हतं. तक्रार करायची तर समोर माणूसच नव्हता.

सुभाषनगरातली संध्याकाळ

जानेवारीत आम्ही दोघं कोल्हापूरला गेलो. आधी सगळे जातात तसे चप्पल लाइनीत गेलो. अंबाबाईच्या देवळापासून चालत जाण्याच्या अंतरावर ओळीनं दुकानं, दारावर जोडांच्या माळा. तिसऱ्या दुकानातल्या मालकांनी आप्पांचा पाय पाहिला, हातातला जोड पुन्हा खुंटीला अडकवला आणि म्हणाले, “तयार मालात ह्यो पाय बसायचा न्हाई, पावणं. सुभाषनगरला जावा.” ज्यांच्याकडून ते स्वतः माल घ्यायचे त्या कारागिराचा पत्ता त्यांनी कागदावर लिहून दिला. गिऱ्हाईक दारातून परत पाठवलं, तेही आपला माल जिथून येतो तिथे. हे मला आजही मोठं वाटतं.

सुभाषनगर ही चपला बनवणाऱ्यांची वस्ती. पत्त्यावर गेलो तर घराची पुढची खोली हाच कारखाना. दारात कातड्याचा तो तुरट, ओलसर वास. काका मांडीपुढच्या लाकडी ठोकळ्यावर रापीनं तळ कापत होते, मावशी भिंतीला टेकून वेण्या विणत होत्या. शेळीच्या मऊ कातड्याच्या सुतळीएवढ्या पट्ट्या, आणि बोटं बघायलाही मिळू नयेत इतका वेग.

काकांनी पाय पाहिला आणि माप घ्यायला चक्क नकार दिला. “आत्ता न्हाई. सांच्याला या. सकाळी पाय बसल्याला असतो, सांजंला खरा दिसतो.”

आम्ही अंबाबाईचं दर्शन घेतलं, रंकाळ्यावर बसलो आणि साडेपाचला परत गेलो. काकांनी जमिनीवर जाड कागद अंथरला. आप्पा खुर्चीत बसून पाय पुढे करायला लागले तर म्हणाले, “बसून न्हाई आप्पा, उभं ऱ्हावा. अंगाचं वजन पडू दे त्याच्यावर.” निळ्या पेनानं दोन्ही पायांची रेघ मारली. मग पंजाभोवती दोरा गुंडाळून गाठ मारली, उजव्याची वेगळी, डाव्याची वेगळी. आणि शेवटी अंगठ्यानं ते टेंगूळ हळूच दाबत विचारलं, “हितं दुखतंय का?”

चाळीस वर्षांत आप्पांना चप्पल विकणाऱ्या कुणी हे विचारलं नव्हतं. आप्पा क्षणभर गप्प झाले, मग “चालताना दुखतंय” म्हणाले. काकांनी कागदावर त्या जागी फुली मारली. उजवा पट्टा रुंद घ्यायचा, चपलेचा अंगठा, म्हणजे पायाचा अंगठा ज्यात अडकवतात तो कातड्याचा वळसा, थोडा आत सरकवायचा, आणि फुलीच्या जागी शिलाईची गाठ येऊ द्यायची नाही, असं ठरलं. किंमत २४०० रुपये, विसार १०००, पंधरा दिवसांनी न्यायचं.

कमावलेलं कातडं

दर ऐकून माझा चेहरा बदलला असावा, कारण काकांनी कापून ठेवलेला तळाचा तुकडा माझ्या हातात दिला. जड होता, आणि कापलेल्या कडेला आतपर्यंत एकच रंग होता. कातडं टिकाऊ करण्याला आपण ‘कमावणं’ म्हणतो. हा शब्द इथे अगदी खरा आहे, कारण ते सहज मिळत नाही. आधी चुन्याच्या पाण्यात ठेवून केस काढायचे, मग बाभळीची साल आणि हिरडा यांच्या अर्कात ते मुरू द्यायचं. जुन्या पद्धतीत कातडंच पिशवीसारखं शिवून त्यात तो अर्क भरतात आणि टांगून ठेवतात, थेंब थेंब झिरपत तो कातड्यात उतरतो. रसायनांनी हे काम फार लवकर उरकतं. झाडाच्या सालीला दिवसांमागून दिवस लागतात. पण असं कातडं पायाचा घाम शोषतं, वापरता वापरता पायाचा आकार घेतं आणि त्याची दुरुस्ती करता येते. तळाला म्हशीचं जाड कातडं, थरावर थर, आणि ते धरून ठेवायला कातड्याचीच वादी. अस्सल जोडात खिळा नसतो.

हे कातडं आता सगळं आसपास तयार होत नाही. २०१५ साली राज्यात बैल आणि वळूंच्या कत्तलीवरही बंदी आली, तेव्हापासून कच्च्या मालाची ओढाताण वाढली. बरंच कातडं चेन्नईकडून येतं आणि त्यासाठी पैसे आधी मोजावे लागतात. काकांचं म्हणणं थोडक्यात असं होतं, की हात रिकामे नसतात, खिसा रिकामा असतो. पावसाळ्यात कातडं वाळत नाही आणि गिऱ्हाईकही येत नाही. लग्नसराई आणि उन्हाळा या मोसमात वर्षाची बेगमी करायची असते, आणि नेमकं तेव्हाच कातडं घ्यायला रोकड हवी असते.

माझ्या हजार रुपयांच्या विसाराचा अर्थ मला तिथे कळला. व्यापारी माल उचलतो, पण पैसे दोन-तीन महिन्यांनी देतो, तेही तुकड्या-तुकड्यांनी. सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावेत असं २००६ चा कायदा सांगतो. पण उद्योग म्हणून नोंदणी नसलेल्या, एकाच व्यापाऱ्यावर घर चालणाऱ्या कारागिरानं त्या व्यापाऱ्याविरुद्ध अर्ज करायचा, हे सांगणं सोपं आहे. त्यापेक्षा विसार हे साधं आणि जुनं भांडवल. त्याला व्याज नाही, तारण नाही, आणि जोड कुणासाठी बनतोय हे आधीच ठरलेलं असतं, त्यामुळे माल पडून राहायची भीतीही नाही. मोठ्या दुकानात मी कार्डानं पैसे भरतो तेव्हा ते दुकानाच्या लक्षातही येत नाहीत. इथे त्या हजारातून दुसऱ्या दिवशी सकाळी कातडं आलं.

काकांनी बोटांवर हिशोब सांगितला. २४०० मधले निम्म्याहून थोडे जास्त कातड्यात, मग गल्लीतल्या एका ताईंना नक्षीच्या कामाचे, रंग-पॉलिशचे थोडे. उरायचे सातशेच्या आसपास, दोघांच्या दोन दिवसांच्या कामाचे. हाच जोड व्यापाऱ्याला दिला असता तर तीनशे उरले असते. मी मोलभाव करणार होतो. नाही केला.

जोड आल्यावर

लग्नाच्या आठ दिवस आधी जोड आणला. पहिले तीन दिवस चप्पल चावली, कोल्हापुरी चावतेच. मावशींनी आतून खोबरेल लावून रात्रभर ठेवायला सांगितलं होतं, तसं केलं. लग्नात आप्पा मांडवभर करकर वाजवत फिरले. फरपटत नव्हते, पाऊल उचलून टाकत होते. माझ्या बहिणीनं मला कोपरानं ढोसून ते दाखवलं आणि आम्ही दोघंही थोडा वेळ काही बोललो नाही.

पण माझ्या मते खरा फायदा दीड वर्षानं दिसला. जुलै २०२४ मध्ये उजवीचा अंगठा सैल झाला. चुलतभाऊ कोल्हापूरला निघाला होता, त्याच्याबरोबर जोड पाठवला. काकांनी अंगठा बदललाच, शिवाय फोन करून सांगितलं, “आप्पा भाइरच्या अंगावर चालत्यात. टाच एका बाजूनं झिजल्या. थर चढवून देतो.” झिजलेला तळ पाहून ते माणसाची चाल वाचत होते. दुरुस्तीचे १५० रुपये. जोड परत आल्यावर आप्पांनी एवढंच सांगितलं, की जिना उतरताना आता कठड्याला हात लावावा लागत नाही.

बनवणाराच दुरुस्त करतो तेव्हा वस्तू दर वेळी थोडी अधिक आपली होते. त्याला पुढच्या जोडात काय बदलायचं ते कळतं, आपल्याला काय मागायचं ते कळतं. साडेआठशेचा जोड पाच आठवडे टिकला. हा दुरुस्ती धरून २५५० रुपयांत दोन वर्षांहून जास्त चालला. हिशोब कुणीही मांडू शकतो. तरी एक गोष्ट मान्य करायला हवी. चोवीसशे रुपये एकदम काढणं प्रत्येक घराला जमत नाही, आणि साडेआठशेचा जोड घेणारा माणूस अडाणी नसतो. त्याच्या हातात त्या दिवशी तेवढेच असतात. अशांसाठीही काकांकडे साधा, बिननक्षीचा, स्वस्तातला जोड होता, पण तळ तोच. तो ऑनलाइन शोधात कधीच वर येत नाही.

सात जोडांची गडबड

लग्नाचे फोटो पाहून माझ्या ऑफिसातल्या सात जणांनी जोड मागवले. इथे मात्र आम्ही चुकलो, आणि चूक बहुतेक माझी. मी सगळ्यांना पायाचा फोटो पाठवायला सांगितलं. फोटोवरून लांबी-रुंदी कळत नाही एवढी साधी गोष्ट माझ्या डोक्यात आली नाही. दोन जोड बसले नाहीत. पंधरा दिवसांचे पाच आठवडे झाले, कारण मध्ये काकांच्या घरी आजारपण होतं आणि खोलीत काम करणारे दोघंच. एका सहकाऱ्याला ऑफिसच्या भेटवस्तूच्या खर्चात दाखवायला जीएसटीचं बिल हवं होतं, ते मिळणं शक्य नव्हतं. मालाची वार्षिक उलाढाल ४० लाखांच्या आत असेल तर जीएसटीची नोंदणी लागत नाही, आणि काका त्या आकड्याच्या आसपासही नाहीत. तो सहकारी नाराज झाला तो झालाच.

न बसलेले दोन जोड काकांनी कुरकुर न करता परत घेतले, पण तो तोटा त्यांचाच होता, आणि सातशे मिळवणाऱ्या माणसाला असे दोन तोटे जड जातात. म्हणून आम्ही ठरवलं की बदलायचा खर्च निम्मा निम्मा. पुढच्या वेळेपासून प्रत्येकानं संध्याकाळी, उभं राहून, कागदावर रेघ मारायची आणि तो कागद पोस्टानं पाठवायचा. तेव्हापासून एकही जोड परत गेलेला नाही. ‘ग्राहक राजा’ म्हणून वागलो असतो तर दोन जोडांवरच हे नातं संपलं असतं. छोट्या व्यवसायाकडून नीट माल हवा असेल तर गिऱ्हाइकालाही थोडं काम करावं लागतं. वेळेआधी सांगावं लागतं, माप धड द्यावं लागतं, उशीर झाला तर फोन करून कारण विचारावं लागतं. दर वेळी फोन उचलला गेला, हे मात्र मला सांगितलंच पाहिजे.

मिलानची बातमी

जून २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन वीकमध्ये प्राडा या इटालियन फॅशन कंपनीच्या मॉडेलांच्या पायात कोल्हापुरीसारख्या चपला दिसल्या आणि कोल्हापूरचं नाव कुठेच घेतलं गेलं नाही. गदारोळ झाला. महाराष्ट्र चेंबर ऑफ कॉमर्सनं पत्र लिहिल्यावर या चपलांची प्रेरणा भारतीय पारंपरिक पादत्राणांची असल्याचं कंपनीनं मान्य केलं. पुढे डिसेंबरात महाराष्ट्र आणि कर्नाटकच्या चर्मोद्योग महामंडळांबरोबर करार झाला. दोन हजार जोड इथल्या कारागिरांकडून बनवून घ्यायचे, किंमत आठशे युरोंच्या आसपास.

गदारोळ चालू होता तेव्हाच, पावसाळ्यात, मी काकांना फोन केला होता. मला वाटलं होतं ते चिडलेले असतील. ते म्हणाले, “नाव झालं, ब्येस झालं. पर त्या जोडाच्या तळात काय घातलंय ते बघितलंसा का?” कारागिराचा पहिला प्रश्न तळाचा. त्या महिन्यात त्यांना बरेच नवे फोन आले होते, आणि भर पावसात विसार मिळाल्याचं ते पहिलंच वर्ष होतं.

कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर या आठ जिल्ह्यांत बनलेल्या चपलेलाच ते नाव लावता येतं. पण पुठ्ठ्याच्या तळावर ‘कोल्हापुरी’ लिहिणारा आमचा तो विक्रेता २०२२ मध्येही खुशाल विकत होता. मानांकन कागदावर असतं. ते चालवायचं तर कारागिरानं अधिकृत वापरकर्ता म्हणून नाव नोंदवायला हवं आणि घेणाऱ्यानं विचारायला हवं. लिडकॉमनं, म्हणजे महाराष्ट्राच्या चर्मोद्योग महामंडळानं, आता जोडाला क्यूआर कोड लावायला सुरुवात केली आहे, तो मोबाइलनं वाचला की जोड कुणी बनवला ते कळतं. ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. मदत केंद्रातल्या त्या मुलीकडे नेमकं हेच नव्हतं.

काकांचा मुलगा एका कारखान्यात कंत्राटी कामावर होता. गेल्या वर्षी तो संध्याकाळचा घरी रापी धरायला लागला. पुरा परत येणार का, हे त्यानं ठरवलेलं नाही, आणि ते ठरवणं माझ्या पाच-सात जोडांवर अवलंबून आहे असं मी म्हणणार नाही. तो एवढंच म्हणाला, की व्यापाऱ्याच्या मालाचे पैसे मिळायची वाट बघत बसायचं असेल तर कारखाना बरा, आणि नाव सांगून माप देणारी गिऱ्हाइकं असतील तर हे बरं.

आप्पांचा पाय आता संध्याकाळी जास्त सुजतो. जुना जोड उजव्या बाजूनं घट्ट व्हायला लागला तेव्हा गेल्या महिन्यात पुन्हा सुभाषनगरला गेलो. या खेपेला साडेपाचलाच पोहोचलो. काकांनी भिंतीवरच्या खिळ्याला अडकवलेल्या गठ्ठ्यातून २०२३ चा कागद शोधून काढला. कडा पिवळ्या पडल्या होत्या, फुली तशीच होती. आप्पा न सांगता उभे राहिले. माप मुलानं घेतलं, काका नुसते बघत होते. निळ्या रेघेच्या बाहेर, करंगळीच्या बाजूला अर्धं बोट सोडून, आता त्याच कागदावर एक लाल रेघ आहे. विसार १२०० दिला.